बिअर कंपनीच्या लॅबमधला केमिस्ट, ज्यानं आंबटपणाला आकडा दिला

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही ज्युनियर कॉलेजची केमिस्ट्रीची लॅब डोळ्यासमोर आणा. लोखंडी स्टँडला लावलेली ब्युरेट, खाली पांढऱ्या टाइलवर ठेवलेलं शंकूसारखं काचेचं भांडं, आणि त्या भांड्याकडे डोळे फाडून बघणारी अकरावी-बारावीतली चार पोरं. एकजण ब्युरेटचा नळ सांभाळतो, एकजण भांडं गोल गोल हलवतो, बाकीचे दोघं वहीत आकडे लिहायला थांबलेले.

थेंब पडतो, काही होत नाही. अजून एक थेंब, तरी काही नाही. मग कुणाचा तरी हात जरा सैल सुटतो आणि अख्खं भांडं गडद गुलाबी होतं. रीडिंग वाया गेलं, आता पहिल्यापासून सुरू करा.

आमच्या बॅचमध्ये हे इतक्यांदा झालं की शेवटी शेजारच्या टेबलावरचं रीडिंग बघून वही पूर्ण करण्याची पद्धतच पडली होती. थेंब टाकायचे, रंग बघायचा, आकडा लिहायचा. पण त्या एका थेंबात नेमकं काय घडतं, हे काही आम्हाला त्या वेळी कळलं नाही.

ते कळून घ्यायचं असेल तर एका माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव एखाद्या ओळीत येऊन जातं. सोरेन पेडर लॉरिट्स सोरेनसन. पीएच, म्हणजे मराठीत ज्याला आपण सामू म्हणतो, ती मोजपट्टी या माणसानं १९०९ मध्ये जगाला दिली.

आणि विशेष म्हणजे ती त्यानं विद्यापीठात नाही, बिअर बनवणाऱ्या कंपनीनं उभ्या केलेल्या लॅबमध्ये बसून दिली.

शेतकऱ्याचा पोरगा

सोरेनसनचा जन्म ९ जानेवारी १८६८ चा. गाव डेन्मार्कमधलं हावरेब्येर्ग. वडील शेतकरी. वयाच्या १८ व्या वर्षी हा पोरगा कोपनहेगनच्या विद्यापीठात दाखल झाला तो डॉक्टर व्हायचं म्हणून. पण तिथं त्याची गाठ पडली एस. एम. योर्गनसन नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाशी. धातूंच्या किचकट संयुगांवर काम करणारा हा त्या काळातला मोठा माणूस. त्याच्या नादानं सोरेनसननं डॉक्टरकीचा विचार सोडला आणि केमिस्ट्री धरली.

पोरगा हुशार निघाला. विद्यापीठाची सुवर्णपदकं त्यानं मिळवली. १८९९ मध्ये कोबाल्ट धातूच्या संयुगांवर अभ्यास करून डॉक्टरेट घेतली. मधल्या काळात पोटासाठी बरीच कामं केली. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये सहायक म्हणून राबला, डेन्मार्कच्या भूगर्भ सर्वेक्षणात हात लावला, नौदलाच्या गोदीसाठी सल्लागार झाला. थोडक्यात, पुस्तकी केमिस्ट्रीबरोबर कारखान्यातली केमिस्ट्रीही त्यानं जवळून पाहिली.

मग १९०१ साल आलं आणि त्याला ती नोकरी मिळाली जिनं पुढचं सगळं ठरवलं.

कार्ल्सबर्गची लॅब

कार्ल्सबर्ग हे नाव आज आपल्याला बाटलीवर दिसतं. ही कंपनी उभी केली जे. सी. याकोबसन या डॅनिश माणसानं. बिअर बनवणं हा तेव्हा बराचसा अंदाजाचा धंदा होता. कधी माल चांगला निघायचा, कधी अख्खी खेप बिघडायची, आणि का बिघडली ते कुणाला सांगता यायचं नाही. याकोबसनला हे अंदाजपंचे काम पटत नव्हतं. म्हणून १८७५ मध्ये त्यानं कारखान्याला जोडून एक प्रयोगशाळा सुरू केली. तिथल्या शास्त्रज्ञांसाठी नियम असा होता की जे सापडेल ते छापायचं. धंद्याचं गुपित म्हणून दाबून ठेवायचं नाही.

या नियमाचा फायदा सगळ्या जगाला झाला. याच लॅबमध्ये एमिल हान्सेननं १८८३ मध्ये शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत काढली आणि ती इतर बिअरवाल्यांनाही खुली झाली. त्याच वर्षी इथल्याच योहान केल्डालनं धान्यातलं नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली. धान्यात, दुधात, पेंडीत प्रोटीन किती आहे हे काढायला आजही जी केल्डाल पद्धत वापरतात ती हीच.

१९०० मध्ये केल्डाल वारले. त्यांच्या जागी लॅबच्या रसायन विभागाचा प्रमुख म्हणून ३३ वर्षांचा सोरेनसन आला. धातूंच्या संयुगांत रमलेल्या माणसाला आता प्रोटीन, अमिनो आम्लं आणि एन्झाइमच्या जगात उतरायचं होतं. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया वेगानं घडवून आणणारे पदार्थ. बिअर बनते ती त्यांच्याच जोरावर. आपलं जेवण पचतं तेही त्यांच्याच जोरावर.

टायट्रेशनमधला उस्ताद

इथं एक गंमत लक्षात घ्या. ज्या माणसानं पुढं पीएच आणला, तो आधी टायट्रेशनमधला उस्ताद होता.

अमिनो आम्लांची एक अडचण असते. त्यांच्या एकाच रेणूत आम्लाचा भाग असतो आणि आम्लारीचाही. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. त्यामुळे सरळ टायट्रेशन करायला गेलं की शेवटचा बिंदू धड सापडत नाही. सोरेनसननं १९०७ मध्ये यावर तोड काढली. द्रावणात आधी फॉर्माल्डिहाइड टाकायचं. ते जाऊन आम्लारीच्या भागाला चिकटतं, म्हणजे तो भाग गप्प बसतो. मग उरलेल्या आम्लाच्या भागाचं नेहमीसारखं टायट्रेशन करायचं. याला फॉर्मॉल टायट्रेशन म्हणतात. प्रोटीनचे तुकडे होऊन किती अमिनो आम्लं मोकळी झाली, हे आता थेंब मोजून सांगता येऊ लागलं.

एन्झाइमनं किती काम केलं ते मोजायची सोय झाली. पण दुसरीच एक गोष्ट त्याला छळत होती.

एकच एन्झाइम, एकच तापमान, तेवढाच वेळ. तरी एका भांड्यात काम झपाट्यानं व्हायचं आणि दुसऱ्यात जवळपास बंद पडायचं. फरक होता तो द्रावणाच्या आंबटपणाचा. मग तो आंबटपणा मोजायचा कसा? टायट्रेशन करून? तिथंच तर खरी गोम होती.

धरणातला साठा आणि कालव्यातलं पाणी

आता जरा बीडमध्ये परत या. माजलगावच्या धरणाचा विचार करा. धरणात एकूण साठा किती, हा एक प्रश्न. आणि आत्ता या घडीला कालव्यात पाणी किती सुटलंय, हा वेगळा प्रश्न. शेतकऱ्याला दोन्ही आकडे लागतात, पण ते एक नव्हेत.

आम्लाचंही तसंच असतं. एका भांड्यात २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, दुसऱ्यात तेवढंच ॲसेटिक आम्ल घ्या, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. दोन्हींची तीव्रता सारखी, ०.१ मोलर. आता दोन्हींत ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड टाकत जा. दोन्ही भांड्यांना बरोबर २५ मिलिलिटरच लागेल. टायट्रेशनच्या हिशोबात दोघं सारखे.

पण प्रत्यक्षात? हायड्रोक्लोरिक आम्ल आपले सगळे हायड्रोजन आयन पाण्यात मोकळे सोडून देतं. ॲसेटिक आम्ल मात्र शंभरातला साधारण एखादाच सोडतं आणि बाकीचे धरून ठेवतं. तुम्ही जसजशी आम्लारी टाकता तसतसं ते एकेक सोडत जातं, कालवा रिकामा झाला की धरणातून पाणी सोडावं तसं. त्यामुळे शेवटी एकूण हिशोब सारखा निघतो.

टायट्रेशन सांगतं धरणातला साठा. एन्झाइमला मात्र भेटतं ते कालव्यातलं पाणी, म्हणजे त्या क्षणी द्रावणात मोकळे फिरणारे हायड्रोजन आयन. सोरेनसनला मोजायचे होते ते हे आयन.

मोकळ्या आयनांची कल्पना त्याची स्वतःची नव्हती. स्वीडनच्या अऱ्हेनियसनं १८८० च्या दशकातच आयनांचा सिद्धांत मांडला होता. जर्मनीच्या नर्न्स्टनं विजेचा दाब मोजून आयनांचं प्रमाण काढायचं गणित दिलं होतं. बर्लिनच्या फ्रीडेन्थालनं १९०४ मध्ये हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावरूनच आम्लता सांगावी असं सुचवलंही होतं. विटा तयार होत्या. त्यातून राहता येईल असं घर बांधायचं काम बाकी होतं.

शून्यांच्या जंजाळातून सुटका

अडचण आकड्यांची होती. तीव्र आम्लात हायड्रोजन आयनांचं प्रमाण ०.१ असू शकतं. शुद्ध पाण्यात ते ०.००००००१ असतं. आणि तीव्र आम्लारीत त्याहून कैक पटींनी कमी. आता हे सगळे आकडे एका आलेखावर बसवा बघू. बसतच नाहीत. एक शून्य लिहायचं राहिलं तरी सगळा हिशोब दहा पटींनी चुकतो.

सोरेनसननं सरळ युक्ती केली. १० चा घात तेवढा घ्यायचा आणि वजाचं चिन्ह काढून टाकायचं. ०.१ म्हणजे १० चा वजा पहिला घात, लिहा १. पाण्यासाठी १० चा वजा सातवा घात, लिहा ७. झालं. शून्यांची रांग गेली आणि साधा सुटसुटीत आकडा हातात आला.

याचा एक परिणाम मात्र कायम लक्षात ठेवायचा. पीएच एका अंकानं उतरला म्हणजे आम्लता दहा पटींनी वाढली. दोन अंकांनी उतरला तर शंभर पटींनी. ७ वरून ४ वर आलं तर हजार पटींनी. म्हणून कुणी पाण्याचा पीएच नुसता एका अंकानं बदलला असं म्हणालं, तर तो नुसता एक अंक नसतो.

१९०९ मध्ये त्यानं हे सगळं एका लांबलचक शोधनिबंधात छापलं. विषय होता एन्झाइमच्या क्रियेत हायड्रोजन आयनांचं महत्त्व. त्यात त्यानं जी एन्झाइम तपासली त्यातली तीन नावं बघा. पोटात प्रोटीन पचवणारं पेप्सिन. हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज. आणि इन्व्हर्टेज, जे साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. हे तिसरं नाव ध्यानात ठेवा, बीडशी त्याचा संबंध पुढं येणार आहे.

पीएचमधल्या पी चा अर्थ काय, यावर आजही वाद आहे. जर्मन, फ्रेंच आणि डॅनिश अशा तिन्ही भाषांत घात किंवा शक्ती या अर्थाचा शब्द पी वरूनच सुरू होतो, म्हणून तो त्यावरून आला असं बहुतेक ठिकाणी सांगतात. काही अभ्यासकांच्या मते सोरेनसननं दोन द्रावणांना पी आणि क्यू अशी नुसती अक्षरं दिली होती, त्यातलंच हे पी. त्यानं स्वतः खुलासा करून ठेवला नाही. एच मात्र हायड्रोजनचा, त्यात वाद नाही. सोरेनसन पी लिहून त्याच्या पायथ्याशी बारीक एच लिहायचा. पुढं अमेरिकेत दुधावर काम करणाऱ्या मॅन्सफिल्ड क्लार्क या केमिस्टनं छपाई सोपी जावी म्हणून दोन्ही अक्षरं एका ओळीत आणली आणि तीच पद्धत रूढ झाली.

आकडा दिला, पण मोजायचा कसा?

नुसती मोजपट्टी काढून काम भागत नाही. ती इतरांना वापरता यायला हवी. सोरेनसनचं खरं मोठेपण इथं आहे.

त्यानं दोन रस्ते तयार करून दिले. पहिला विजेचा. प्लॅटिनमची पट्टी द्रावणात बुडवायची, तिच्यावर हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडायचे आणि तयार होणारा विजेचा दाब मोजायचा. हे अचूक होतं, पण वेळखाऊ आणि नाजूक. प्रत्येक लॅबला परवडणारं नव्हतं.

दुसरा रस्ता रंगांचा. रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखायचं आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. हळदीत चुना कालवला की तिचं लालभडक होतं. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लागला की तो लाल होतो. दर्शक म्हणजे असाच रंग बदलणारा पदार्थ. पण प्रत्येक दर्शकाची रंग बदलायची जागा वेगळी. मिथिल ऑरेंज साधारण ३.१ ते ४.४ या टापूत रंग बदलतं. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ च्या आसपास गुलाबी व्हायला लागतं. सोरेनसननं असे कितीतरी दर्शक विजेच्या पद्धतीशी ताडून पाहिले. जे भरवशाचे निघाले तेवढे ठेवले, बाकीचे बाजूला काढले.

शिवाय त्यानं बफर द्रावणांचा संच बनवला. बफर म्हणजे थोडं आम्ल किंवा आम्लारी पडली तरी आपला पीएच फारसा हलू न देणारं द्रावण. अमुक पदार्थ अमुक प्रमाणात मिसळा म्हणजे अमुक पीएच मिळेल, अशी पाककृतीच त्यानं लिहून दिली. आता कोपनहेगनमधला माणूस आणि हजारो मैलांवरचा माणूस एकच पीएच आपापल्या लॅबमध्ये तयार करू शकत होते. एकाचा प्रयोग दुसऱ्याला पडताळून बघता येऊ लागला. त्यातलं फॉस्फेटचं बफर आजही सोरेनसन बफर या नावानं लॅबमध्ये वापरतात.

त्या एका थेंबात काय होतं?

आता बीडच्या त्या लॅबमध्ये परत जाऊ. या वेळी रंगाच्या भरवशावर न राहता पीएच मीटर लावून टायट्रेशन करू.

आधी मीटरला ओळख करून द्यायची. ४, ७ आणि ९.२ पीएचच्या बफर द्रावणांत इलेक्ट्रोड बुडवून आकडे जुळवून घ्यायचे. दर वेळी इलेक्ट्रोड शुद्ध पाण्यानं धुवायचा. त्याच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो, तो भांड्याला आपटला की मीटर गेलं समजायचं.

भांड्यात २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही ०.१ मोलर. सुरुवातीला मीटर दाखवेल १. गणितानं पुढचे आकडे असे येतात.

१२.५ मिलिलिटर टाकलं, म्हणजे अर्धं आम्ल संपलं. पीएच फक्त १.५ च्या आसपास. २० मिलिलिटर टाकलं, पीएच १.९५. २४ मिलिलिटर, पीएच २.७. बघा, जवळजवळ सगळं आम्ल संपत आलं तरी आकडा हलायला तयार नाही.

मग येतो तो थेंब. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. बरोबर २५ मिलिलिटरला एक थेंब कमी असताना पीएच असतो ४. तो थेंब पडला की ७. त्याच्या पुढचा एक थेंब पडला की थेट १०.

दोन थेंबांत ४ वरून १०. सहा अंकांचा फरक, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात १० लाख पटींचा फरक. त्यानंतर कितीही ओतत बसा, ३० मिलिलिटरपर्यंत गेलात तरी आकडा जेमतेम १२ ला टेकतो.

हे आकडे आलेखावर मांडले की आडव्या एस अक्षरासारखी रेषा मिळते. आधी सपाट, मग एकदम कडा, मग पुन्हा सपाट. आपल्या हातून भांडं का गडद गुलाबी व्हायचं ते आता कळलं ना? आपण त्या कड्यावर उभे असायचो आणि एकाऐवजी चार थेंब सोडून द्यायचो.

हायड्रोक्लोरिकच्या जागी व्हिनेगरचं आम्ल घेतलं तर रेषा बदलते. सुरुवात १ वरून न होता साधारण २.९ वरून होते. अर्ध्या वाटेवर, म्हणजे १२.५ मिलिलिटरला, पीएच असतो ४.७६ आणि त्या टापूत तो सावकाश सरकतो, कारण तिथं भांड्यात बफर तयार झालेलं असतं. कडा लहान होतो आणि शेवटचा बिंदू ७ ला येत नाही, ८.७ च्या आसपास येतो. इथं मिथिल ऑरेंज वापरलं तर ते कितीतरी आधीच रंग बदलून मोकळं होईल आणि उत्तर चुकेल. फिनॉल्फ्थॅलिन बरोबर जागेवर बदलेल. कुठल्या टायट्रेशनला कुठला दर्शक, हे आपण परीक्षेसाठी पाठ करतो. त्यामागचं कारण त्या रेषेत दिसतं.

लिंबाच्या रसानं घडवलेलं यंत्र

सोरेनसनच्या काळात असं मीटर नव्हतं. काचेचा इलेक्ट्रोड त्याच १९०९ साली जर्मनीत हाबर आणि क्लेमेन्सिएविच या दोघांनी दाखवला होता. पण त्यातून येणारा विजेचा इशारा इतका क्षीण असायचा की तो मोजणं महाकठीण.

१९३४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात एका केमिस्टला लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचा होता. रसात सल्फर डायऑक्साइड मिसळलेलं असायचं. त्यामुळे दर्शकाचा रंग उडायचा आणि प्लॅटिनमचा इलेक्ट्रोडही बिघडायचा. तो आपल्या जुन्या मित्राकडे, अर्नोल्ड बेकमनकडे गेला. बेकमननं रेडिओत असतात तशा व्हॅक्यूम ट्यूब वापरून तो क्षीण इशारा मोठा केला आणि सगळं एका पेटीत बसवलं. तेच आजच्या पीएच मीटरचं मूळ.

मग बीडचा संबंध काय?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन घराबाहेर पडतात. ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाड्या भरतात. तो ऊस कारखान्यात गेला की पुढं काय होतं?

उसाचा रस मुळात थोडा आंबट असतो, पीएच साधारण ५ ते ५.५. तसाच तापवत ठेवला तर त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज व्हायला लागते. सोरेनसनच्या इन्व्हर्टेजनं जी क्रिया व्हायची तीच ही, फक्त इथं ती आंबटपणा आणि उष्णता घडवते. फुटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जाते. म्हणून रसात चुना टाकतात आणि सल्फर डायऑक्साइड सोडून पीएच ७ च्या जवळ आणतात. चुना जास्त झाला तर रस काळपट पडतो, कमी झाला तर साखर जाते. तोडणाऱ्यानं उन्हातान्हात जोडलेली गोडी दाण्यात उतरणार की वाया जाणार, हे बऱ्याच अंशी त्या एका आकड्यावर ठरतं. कारखान्याच्या लॅबमध्ये तो आकडा रात्रंदिवस बघत बसणारा माणूस बहुतेकदा कुठल्यातरी जिल्ह्यातल्या अशाच लॅबमध्ये टायट्रेशन शिकून आलेला असतो.

हीच मोजपट्टी शेतात आहे. मराठवाड्यातली काळी जमीन बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी, ७ च्या वर. त्यामुळे जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला ते नीट मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. माती परीक्षणाच्या कागदावर सामू हा आकडा असतो तो यासाठी. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकानुसार ६.५ ते ८.५ ची मर्यादा आहे. आणि तुमच्या-आमच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीत असावा लागतो. तो ७ च्या खाली घसरला तर जिवावर बेततं. आयसीयूतले डॉक्टर धमनीतलं रक्त काढून तपासायला पाठवतात तेव्हा त्यांना जे आकडे हवे असतात त्यात हा एक असतो.

शेवटची वर्षं

पीएचवर सोरेनसन थांबला नाही. कोंबडीच्या अंड्यातला बलक नव्हे, पांढरा भाग घेऊन त्यातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन त्यानं स्फटिकांच्या रूपात शुद्ध केलं आणि १९१७ मध्ये त्यावरचं काम छापलं. प्रोटीनचा रेणू केवढा असतो हेच तेव्हा नक्की नव्हतं. त्यानं मोजून सांगितलं, सुमारे ३४ हजार. आज मान्य असलेला आकडा याहून मोठा आहे, पण प्रोटीन हे ठरावीक वजनाचे खरेखुरे रेणू असतात हे पटवायला त्या कामाचा मोठा हातभार लागला. या प्रोटीनच्या कामात त्याची पत्नी मार्गरेट होयरूप सोरेनसन त्याच्या बरोबरीनं लॅबमध्ये होती.

१९२४ मध्ये त्यानं आपला तरुण सहकारी लिंडरस्ट्रॉम-लांग याच्यासोबत स्वतःच केलेली पीएचची व्याख्या सुधारून घेतली. आयनांचं प्रमाण किती यापेक्षा ते प्रत्यक्षात किती क्रियाशील आहेत हे महत्त्वाचं, असा तो बदल होता. स्वतःच्या गाजलेल्या गोष्टीत आपणच दुरुस्ती करायला मन मोठं लागतं.

१९३८ मध्ये सत्तरीत तो निवृत्त झाला. लॅबची सूत्रं त्याच लिंडरस्ट्रॉम-लांगकडे गेली. १२ फेब्रुवारी १९३९ ला सोरेनसन वारला. नोबेल त्याला मिळालं नाही. फेस वॉशच्या ट्यूबपासून माशांच्या टाकीपर्यंत सगळीकडे पीएच लिहिलेलं असतं, त्याचं नाव मात्र कुठं नसतं.

आपल्या भागातल्या पोरांसाठी या गोष्टीत एक कामाची बाब आहे. सोरेनसनचा प्रश्न अगदी साधा होता. एकाच पद्धतीनं केलेले दोन प्रयोग वेगळे का येतात? शेजारच्या वहीतून आकडा उचलला असता तर हा प्रश्न त्याला पडलाच नसता.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं तर खोडू नका. २४ मिलिलिटरला थांबा, नळ अगदी हलका करा आणि एकेक थेंब मोजत जा. शाळेत पीएच मीटर असेल तर सरांना ते कपाटातून बाहेर काढायला सांगा. नसेल तर फिनॉल्फ्थॅलिन आहेच. फिकट गुलाबी रंग आला, भांडं हलवल्यावरही टिकला, की नळ बंद करा. तुम्ही कड्याच्या बरोबर टोकावर उभे आहात.